पोपच्या अग्रस्थानाची मुळं: नव्या वाचकाने सुरुवात कुठून करावी

रोमच्या बिशपला, म्हणजेच पोपला, बाकीच्या बिशपांपेक्षा वरचं स्थान कधी आणि कसं मिळालं, यावर दोन झटपट उत्तरं ऐकायला मिळतात. एक, येशूने आपला शिष्य पेत्र याच्या हाती स्वर्गाच्या राज्याच्या किल्ल्या दिल्या तेव्हाच. दुसरं, सम्राट कॉन्स्टंटाइनने ख्रिस्ती धर्माला आश्रय दिला तेव्हा. यांतलं काय टिकतं आणि किती टिकतं, हे पाहायचं तर मूळ कागद उघडावे लागतात. ते फार नाहीत. पहिल्या साडेचारशे वर्षांतले कळीचे उतारे एका पातळ पुस्तिकेत मावतील. ग्रीक-लॅटिन यायलाच हवं असंही नाही. जुनी इंग्रजी भाषांतरं इंटरनेटवर फुकट मिळतात आणि बायबल मराठीत आहेच. टिपणं काढताना पान क्रमांक लिहू नका, प्रकरणाचा क्रमांक लिहा. आवृत्ती बदलली की पानं बदलतात, प्रकरणं बदलत नाहीत.

वाचताना एक सूत्र धरून ठेवा. या विषयातलं जवळपास प्रत्येक महत्त्वाचं वाक्य कुठल्या ना कुठल्या वादात लिहिलं गेलं आहे. कोण कोणाशी भांडत होतं आणि त्याला काय पटवून द्यायचं होतं, हे आधी शोधा. वाक्य त्यानंतर वाचा. उलट केलंत, तर प्रत्येक उताऱ्यात आपलं आधीचंच मत सापडत राहतं.

पायरी १: तीन प्रश्न वेगळे काढा

वहीत तीन रकाने आखा. पहिला रकाना: बिशप हे प्रेषितांचे, म्हणजे येशूने पाठवलेल्या पहिल्या शिष्यांचे, वारस आहेत का? हा प्रश्न सगळ्याच बिशपांचा आहे, एकट्या रोमचा नाही. दुसरा: रोमच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती समाजाला, इतर मंडळ्यांमध्ये विशेष मान होता का, आणि तो कशामुळे? तिसरा: रोमचा बिशप पेत्राच्या जागी बसतो, म्हणून त्याचा शब्द इतरांवर बंधनकारक आहे का? पुढे जो उतारा वाचाल तो कोणत्या रकान्यात बसतो ते लिहीत जा. या विषयावरची बरीच भांडणं पहिल्या रकान्यातला पुरावा देऊन तिसऱ्या रकान्यातला निष्कर्ष काढल्यामुळे होतात.

वारसा म्हणजे काय, हेही इथेच समजून घेतलेलं बरं. गुरुपरंपरा आपल्या ओळखीची आहे. ज्ञानेश्वर आपली परंपरा आदिनाथ, मत्स्येंद्रनाथ, गोरक्षनाथ, गहिनीनाथ, निवृत्तिनाथ अशी सांगतात: शिकवण अस्सल, कारण ती या वाटेने आली. दुसऱ्या शतकातल्या बिशपांच्या याद्या याच हेतूने केलेल्या आहेत. फरक मात्र मोठा आहे. गुरू जिवंतपणी शिष्याला देतो. बिशपांच्या यादीत आधीचा बहुधा वारल्यावरच पुढचा येतो. मग नव्याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला पद कोण देणार? आसपासच्या गावांचे बिशप. ३२५ साली नायसियाला भरलेल्या बिशपांच्या परिषदेने चौथ्या नियमात हे लिहूनच ठेवलं: प्रांतातल्या सगळ्या बिशपांनी मिळून नेमावं, ते जमत नसेल तर निदान तिघांनी हजर राहावं आणि बाकीच्यांनी लेखी संमती द्यावी. म्हणजे साखळ्या दोन आहेत. एक गादीची: या शहरात कोणानंतर कोण बसला. दुसरी हातांची: कोणी कोणाला अभिषेक केला. सुरुवातीचे लेखक बोलतात ते मुख्यतः गादीच्या साखळीबद्दल. हा भेद लक्षात ठेवलात, तर पुढच्या निम्म्या शंका उद्भवणारच नाहीत.

पायरी २: बायबलमधले दोन्ही बाजूंचे उतारे एका बैठकीत वाचा

पेत्राच्या बाजूचे तीन उतारे प्रसिद्ध आहेत: मत्तय १६:१८-१९ मधलं ‘या खडकावर मी माझी मंडळी रचीन’ हे वचन, किल्ल्या आणि बांधण्या-सोडण्याचा अधिकार, लूक २२:३२ मधलं ‘भावांना स्थिर कर’, आणि योहान २१:१५-१७ मधलं ‘माझी मेंढरं पाळ’. लगेच पुढे मत्तय १८:१८ वाचा. बांधण्या-सोडण्याचा तोच अधिकार तिथे सगळ्या शिष्यांना दिलेला आहे. मग प्रेषितांची कृत्ये, अध्याय १५: यरुशलेमच्या सभेत पेत्र बोलतो, पण निर्णय मांडतो तिथल्या मंडळीचा पुढारी याकोब. मग गलतीकरांस २:११: अंत्युखियात प्रेषित पौल पेत्राला तोंडावर विरोध करतो.

येशूच्या बारा शिष्यांत पेत्र पुढे आहे, हे नाकारता येणार नाही. पण त्याच्यानंतर त्याची जागा कोण घेणार, याबद्दल या उताऱ्यांत काही नाही. रोमशी त्याचा संबंध सुचतो तो १ पेत्र ५:१३ मधल्या ‘बाबेल’ या नावातून. ते रोमचंच टोपणनाव आहे असं बहुतेक अभ्यासक मानतात. आणखी एक गोष्ट टिपून ठेवा. फिलिप्पैकरांस १:१ मध्ये एकाच गावात अनेक ‘अध्यक्ष’ आहेत (‘बिशप’ हा याच ग्रीक शब्दावरून आला), आणि तीत १:५-७ मध्ये ‘वडील’ (मंडळीतले ज्येष्ठ पदाधिकारी) आणि ‘अध्यक्ष’ ही एकाच माणसाची दोन नावं दिसतात. एका शहरात एकच बिशप, ही रचना अजून पक्की झालेली नव्हती.

पायरी ३: करिंथला गेलेलं पत्र

आता क्लेमेंटचं पहिलं पत्र उघडा. काळ इ.स. ९६ च्या सुमाराचा. ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीत काहींनी आपल्या वडिलांना पदावरून दूर केलं, आणि रोमच्या मंडळीने त्यांना लांबलचक पत्र लिहिलं. घाईत असाल तर प्रकरण ५, ४२ आणि ४४ वाचा. पाचव्यात पेत्र आणि पौल यांनी सोसलेल्या छळाची आठवण आहे. बेचाळिसाव्यात साखळी आहे: देवाने ख्रिस्ताला पाठवलं, ख्रिस्ताने प्रेषितांना, प्रेषितांनी पहिल्या विश्वासणाऱ्यांना अध्यक्ष आणि सेवक नेमलं. चव्वेचाळिसाव्यात मुद्दा येतो: हे पद कोणाचं यावरून भांडणं होतील हे प्रेषितांना ठाऊक होतं, म्हणून नेमलेले वारले की पारखलेल्या दुसऱ्या माणसांनी सेवा हाती घ्यावी अशी व्यवस्था त्यांनी करून ठेवली. तेव्हा निर्दोष काम करणाऱ्यांना हाकलणं अन्याय आहे.

पहिल्या रकान्यातला बायबलबाहेरचा सगळ्यांत जुना पुरावा हा. दुसऱ्या रकान्यातही थोडं लिहा, कारण दूरच्या मंडळीच्या भांडणात रोम बोलतो आहे आणि अधिकाराने बोलतो आहे. तिसरा रकाना रिकामा ठेवा. पत्र सुरुवातीपासून शेवटपर्यंत ‘आम्ही’ म्हणून लिहिलेलं आहे. क्लेमेंटचं नाव पत्राच्या मजकुरात कुठेही नाही. ते परंपरेने जोडलेलं आहे. रोमला कोणी एक बिशप आहे याचाही उल्लेख नाही.

पायरी ४: इग्नेशियस

इथे जास्त वेळ लागणार नाही. अंत्युखियाच्या या बिशपाला इ.स. ११० च्या सुमारास हिंस्र श्वापदांपुढे टाकण्यासाठी पहाऱ्यात रोमला नेत होते. वाटेत त्याने सात पत्रं लिहिली. आशिया मायनरच्या (आजच्या तुर्कस्तानातल्या) मंडळ्यांना तो पुन्हा पुन्हा बजावतो की बिशपाला सोडून काही करू नका. रोमच्या मंडळीचं तो तोंडभर कौतुक करतो, ती प्रेमात अग्रभागी आहे म्हणतो, पण तिथल्या बिशपाचा एका शब्दाने उल्लेख करत नाही. दुसऱ्या शतकातच रोममध्ये लिहिलेल्या ‘हर्मासचा मेंढपाळ’ या ग्रंथातही मंडळी चालवणारे ‘वडील’ अनेकवचनीच आहेत. रोममध्ये एकटा बिशप ही पद्धत दुसऱ्या शतकाच्या मध्याच्या आसपास रुजली, असं यावरून आज बहुतेक इतिहासकार मानतात. त्यांत कॅथलिक इतिहासकारही आहेत.

पायरी ५: आयरेनियसची बारा नावं

आयरेनियस मूळचा आशिया मायनरचा. लहानपणी स्मुर्णाच्या बिशप पॉलिकार्पला त्याने ऐकलेलं होतं, आणि पॉलिकार्प येशूचा शिष्य योहान याला ओळखत होता अशी त्याची साक्ष आहे. पुढे तो गॉलमध्ये, आजच्या फ्रान्समधल्या ल्यों शहरात, बिशप झाला. १८० च्या सुमारास त्याने पाखंडांविरुद्ध पाच पुस्तकं लिहिली. त्यातलं तिसरं पुस्तक, तिसरं प्रकरण तुम्हाला हवं आहे.

भांडण नॉस्टिक नावाच्या पंथांशी आहे. ते म्हणत, प्रेषितांनी खरं ज्ञान निवडक लोकांना गुप्तपणे दिलं आणि ते आमच्याकडे आहे. आयरेनियसचं उत्तर सरळ आहे. गुप्त काही असतंच, तर ज्यांच्या हाती मंडळ्या सोपवल्या त्यांना ते आधी सांगितलं असतं. आणि ती माणसं कोण होती हे सगळ्यांना माहीत आहे. सगळ्या मंडळ्यांच्या याद्या द्यायच्या तर ग्रंथ लांबेल, म्हणून तो पेत्र आणि पौल यांनी उभारलेल्या रोमच्या मंडळीची यादी देतो: लिनस, अनाक्लेटस, क्लेमेंट, एवारिस्टस, अलेक्झांडर, सिक्स्टस, टेलेस्फोरस, हायजिनस, पायस, अनिसेटस, सोटर, एलुथेरियस. ही नावं स्वतःच्या हाताने उतरवून मोजा. प्रेषितांपासून एलुथेरियस बारावा, असं तोच सांगतो. म्हणजे त्याच्या मोजणीत पेत्र पहिला बिशप नाही. पेत्र आणि पौल हे संस्थापक, पहिला बिशप लिनस. आजच्या अधिकृत यादीत पेत्र पहिला धरतात, म्हणून तोच एलुथेरियस तेरावा होतो.

यादीच्या आधीच एक वाक्य येतं, ज्यावर ग्रंथच्या ग्रंथ लिहिले गेले आहेत. रोमच्या श्रेष्ठत्वामुळे प्रत्येक मंडळीने तिच्याशी जुळून असणं भाग आहे, असा त्याचा एक अर्थ. मूळ ग्रीक हरवलं आहे, लॅटिन भाषांतर उरलं आहे, आणि ‘जुळून असणं’ की ‘तिथे येणं’, ‘श्रेष्ठत्व’ की ‘उगम’ हा वाद मिटलेला नाही. या वाक्यापाशी थांबून पुस्तक मिटू नका. पुढच्याच परिच्छेदात तो स्मुर्णा आणि इफिस यांनाही प्रेषितांच्या परंपरेचे साक्षीदार म्हणून उभं करतो.

पायरी ६: व्हिक्टरचा वाद, सावकाश वाचा

माझ्या मते या सगळ्या वाचनातला सगळ्यांत शिकवणारा प्रसंग हा आहे. तो चौथ्या शतकातला बिशप युसेबियस याने लिहिलेल्या चर्चच्या इतिहासात, पाचव्या पुस्तकाच्या २३ ते २५ या प्रकरणांत मिळतो.

प्रश्न होता पुनरुत्थानाचा सण कधी पाळायचा. आशिया या रोमन प्रांतातल्या (आशिया मायनरच्या पश्चिम भागातल्या) मंडळ्या यहुदी वल्हांडणाच्या हिशोबाने निसान महिन्याच्या चौदाव्या दिवशी उपास सोडत, मग वार कोणताही असो. इतर ठिकाणी रविवारच पाळत. १९० च्या सुमारास रोमचा बिशप व्हिक्टर याने हा प्रश्न धसाला लावला. ठिकठिकाणी बिशपांच्या सभा भरल्या आणि बहुतेकांनी रविवारच्या बाजूने कौल दिला.

आशियाच्या बाजूने इफिसचा बिशप पॉलिक्रेटिस याने दिलेलं उत्तर शब्दन्‌शब्द वाचा. तो थडगी मोजून दाखवतो: फिलिप्प हिरापोलीत, योहान इफिसमध्ये, पॉलिकार्प स्मुर्णात. माझ्या नात्यातले सात जण बिशप होते, मी आठवा. प्रभूमध्ये मला ६५ वर्षं झाली. धमक्यांना मी घाबरत नाही. रोमपाशी पेत्र-पौल असतील, तर आमच्यापाशीही प्रेषित आहेत, हा त्याचा युक्तिवाद. म्हणजे प्रेषितांचा वारसा इथे रोमच्या विरोधात वापरला गेला आहे. पहिला रकाना आणि तिसरा रकाना एक नाहीत, हे याहून स्पष्ट कुठेच दिसत नाही.

व्हिक्टरने आशियाच्या मंडळ्यांना एकजुटीतून तोडण्याचा प्रयत्न केला. अनेक बिशपांनी त्याला कडक शब्दांत सुनावलं, आणि त्यात आयरेनियसही होता, जो स्वतः रविवार पाळणारा! त्याने व्हिक्टरला अनिसेटसची आठवण करून दिली. पॉलिकार्प रोमला आला होता तेव्हा दोघांचं याच मुद्द्यावर पटलं नाही, तरी अनिसेटसने मानाने पॉलिकार्पला प्रभुभोजनविधी चालवू दिला आणि दोघे शांतपणे निरोप घेऊन वेगळे झाले. या पत्रात सोटरच्या आधीच्या रोमच्या प्रमुखांना आयरेनियस ‘वडील’ म्हणतो, तेही टिपा.

आता दोन्ही बाजू पाहा. व्हिक्टरला असं पाऊल उचलता येईल असं वाटलं, आणि त्याने तसं करू नये म्हणून लोकांनी विनवण्या केल्या. ‘तुझा संबंधच काय’ असं उत्तर मिळाल्याची नोंद युसेबियसमध्ये नाही. पण त्याचं ऐकलंही गेलं नाही. मान होता, हुकूम चालत नव्हता.

पायरी ७: रोमच का, याचं साधं उत्तरही शोधा

धर्मशास्त्राच्या नादात ही पायरी सुटते. रोम राजधानी होती. दोन मोठ्या प्रेषितांची स्मारकं तिथे होती. गायस नावाचा रोमचा लेखक २०० च्या सुमारास व्हॅटिकन टेकडी आणि ओस्तियाचा रस्ता अशा त्यांच्या जागा सांगतो. आणि तिथली मंडळी उदार होती. करिंथचा बिशप डायोनिसियस याने १७० च्या सुमारास रोमचा बिशप सोटर याला लिहिलेल्या पत्रात आभार मानले आहेत: तुम्ही गावोगावच्या मंडळ्यांना आणि खाणींत सक्तमजुरी करणाऱ्या बांधवांना मदत पाठवत आला आहात. क्लेमेंटचं जुनं पत्र आम्ही अजून उपासनेत वाचतो, असंही तो सांगतो.

२५१ च्या सुमारास रोमचा बिशप कॉर्नेलियस याने दिलेले आकडे तर डोळ्यांसमोर चित्रच उभं करतात: ४६ वडील, ७ डीकन (सेवक), ७ उपडीकन, ४२ अकोलाइट (त्यांचे मदतनीस), भुतं काढणारे, वाचक आणि द्वारपाल मिळून ५२, आणि मंडळीच्या खर्चाने जगणाऱ्या विधवा आणि गरजू दीड हजारांहून अधिक. एवढ्यांना रोज जेवू घालणाऱ्या संस्थेचं वजन दूरवर पोहोचणारच.

पायरी ८: सिप्रियन आणि स्टीफन

उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेजचा बिशप सिप्रियन याचा चर्चच्या ऐक्यावरचा निबंध २५१ चा. त्याचं चौथं प्रकरण दोन रूपांत मिळतं. एकात पेत्राच्या अग्रस्थानावर आणि आसनावर भर आहे, दुसऱ्यात तो सौम्य आहे. पूर्वी लोकांना एक रूप बनावट वाटे. आज बहुतेक अभ्यासक दोन्ही त्याचीच मानतात. तुमच्या हातातली आवृत्ती कोणतं रूप छापते ते आधी तपासा.

लगेच पुढे वाद पेटला. फुटीर गटात बाप्तिस्मा घेतलेला माणूस परत आला तर त्याला पुन्हा बाप्तिस्मा द्यायचा का? आफ्रिका म्हणे द्यावा, रोमचा बिशप स्टीफन म्हणे फक्त हात ठेवून स्वीकारावा. स्टीफनने पेत्राच्या वारशाचा आधार घेतला. हे आपल्याला त्याच्या तोंडून कळत नाही. आशिया मायनरमधल्या कप्पदुकियाचा बिशप फर्मिलियन याने संतापून सिप्रियनला लिहिलेल्या पत्रातून कळतं. सिप्रियनच्या पत्रसंग्रहात ते ७५ वं आहे. बिशपपदाच्या जागेची बढाई मारणारा आणि ज्याच्यावर चर्चचा पाया घातला त्या पेत्राची गादी आपण चालवतो म्हणणारा हा माणूस, असा त्याचा सूर आहे. रोमचा बिशप खडकाचं वचन स्वतःच्या पदाला लावतो, याचा स्पष्ट पुरावा हाती येतो तो इथे. तिसऱ्या रकान्यात पहिली ठाम नोंद आता करा, आणि ती विरोधकाच्या पत्रातून आली आहे हेही शेजारी लिहा.

२५६ मध्ये कार्थेजला ८७ बिशप जमले आणि सिप्रियनच्या बाजूने उभे राहिले. आपल्यातला कोणी स्वतःला बिशपांचा बिशप म्हणवत नाही, असं सिप्रियन तिथे म्हणाला. पण ३१४ मध्ये गॉलमधल्या आर्लला भरलेल्या परिषदेने बाप्तिस्म्याच्या प्रश्नावर रोमचीच पद्धत उचलली. सिप्रियनचा १४ सप्टेंबर २५८ रोजी शिरच्छेद झाला, आणि ज्या रोमशी तो भांडला त्या रोमने त्याला संत मानलं.

पायरी ९: चौथं शतक, फक्त कायद्याचे कागद

नायसिया, ३२५, सहावा नियम: अलेक्झांड्रियाच्या बिशपाचा इजिप्त आणि लिबियावर अधिकार, कारण रोमच्या बिशपाचीही तशीच रीत आहे. रोमचा बिशप सिल्वेस्टर स्वतः आला नाही, त्याने दोन धर्मगुरू पाठवले. सार्डिकाची परिषद, ३४३: पदावरून काढलेल्या बिशपाला रोमकडे दाद मागता येईल. सम्राट थिओडोसियसचा ३८० चा फर्मान: पेत्राने रोमकरांना दिलेला आणि आज रोमचा बिशप डॅमासस व अलेक्झांड्रियाचा बिशप पीटर पाळतात तो धर्म सर्वांनी पाळावा. कॉन्स्टँटिनोपलची परिषद, ३८१, तिसरा नियम: रोमच्या खालोखाल मान कॉन्स्टँटिनोपलला, कारण ते नवं रोम आहे. आणि ३८५ मध्ये रोमचा बिशप सिरिसियस याचं स्पेनमधल्या तारागोनाचा बिशप हिमेरियस याला पत्र: प्रश्नांना उत्तरं, पण भाषा राजाज्ञेची.

इथे दोन खड्डे टाळा. ‘पापा’ ही पदवी या काळात एकट्या रोमची नव्हती. रोमचे धर्मगुरूही सिप्रियनला पत्रात तसंच संबोधत. आणि कॉन्स्टंटाइनने पोपला पश्चिमेचं राज्य दान दिल्याचा दस्तऐवज आठव्या शतकातला बनावट आहे. लोरेन्झो वाल्लाने १४४० मध्ये त्याची भाषा तपासून ते दाखवून दिलं.

पायरी १०: लिओ

लिओ पहिला, रोमचा बिशप, ४४० ते ४६१. बिशप झाल्याच्या वार्षिकदिनी त्याने दिलेली प्रवचनं वाचा. तो स्वतःला पेत्राचा अपात्र वारस म्हणवतो. यात नम्रता आहेच, शिवाय रोमन कायदाही आहे. वारस मृताच्या हक्कांत पूर्णपणे उभा राहतो, त्याची वैयक्तिक लायकी काहीही असो. पद आणि माणूस वेगळे झाले, आणि पेत्राचा अधिकार प्रत्येक बिशपाबरोबर जसाच्या तसा पुढे जाऊ लागला.

मग ४५१ ची कॅल्सेडॉनची परिषद. ख्रिस्ताच्या दोन स्वभावांवरचं (दैवी आणि मानवी) लिओचं पत्र वाचलं गेलं तेव्हा बिशप म्हणाले, पेत्र लिओच्या मुखातून बोलला. त्याच वेळी, अलेक्झांड्रियाचा आधीचा बिशप सिरिल याचंही हेच म्हणणं होतं, असंही ते म्हणाले. म्हणजे पत्र सिरिलच्या शिकवणीशी ताडून पाहिलं होतं. याच परिषदेच्या २८ व्या नियमात म्हटलं आहे की जुन्या रोमला पूर्वजांनी विशेषाधिकार दिले ते ती राजधानी होती म्हणून, आणि नव्या रोमलाही तसेच मिळावेत. लिओने हा नियम मान्य केला नाही. त्याच्या दृष्टीने रोमचं स्थान पेत्रामुळे होतं, सम्राटाच्या राजवाड्यामुळे नव्हे. पूर्व आणि पश्चिम यांच्यातला पुढचा सगळा वाद या दोन कारणांमधला आहे, आणि तो इथे एकाच परिषदेच्या कागदांत समोरासमोर दिसतो.

इथून पुढे

ग्रेगरी पहिला (५९० ते ६०४) याने कॉन्स्टँटिनोपलच्या बिशपाच्या ‘जागतिक कुलपती’ (कुलपती म्हणजे पॅट्रिआर्क, सर्वांत वरचा बिशप) या पदवीवर घेतलेले आक्षेप, मग सातव्या ग्रेगरीच्या काळातली १०७५ ची पोपच्या अधिकारांवरची सत्तावीस विधानं, मग १८७० चा पहिल्या व्हॅटिकन परिषदेचा पोपच्या अग्रस्थानावरचा ठराव, या क्रमाने गेलात तर धागा तुटणार नाही.

हातांची साखळी प्रत्यक्ष किती जिव्हाळ्याची असते हे पाहायचं असेल, तर आपला उगम प्रेषित थोमापासून सांगणाऱ्या केरळच्या ख्रिस्ती लोकांचा इतिहास वाचा. पोर्तुगीज धर्माधिकाऱ्यांना कंटाळून त्यांनी १६५३ मध्ये मट्टानचेरीला क्रुसासमोर शपथ घेतली आणि त्यांचा अधिकार झुगारला. बिशप कोणीच उपलब्ध नव्हता, म्हणून बारा धर्मगुरूंनी त्यांचा पुढारी आर्चडीकन थोमा याच्या डोक्यावर हात ठेवून त्याला बिशप केलं. बिशपाशिवाय झालेला हा अभिषेक वैध का, हा प्रश्न लगेच उभा राहिला. अनेक जण रोमकडे परतले. बाकीच्यांकडे १६६५ मध्ये मार ग्रेगोरियोस हा सिरियन बिशप आला आणि अंत्युखियाच्या कुलपतींशी त्यांचं नातं जुळलं.